कोकणातल्या महाविद्यालय-विद्यापीठ कार्यालयात ई-दस्तऐवज कसे सांभाळावेत

कार्यालयात कागद गहाळ झाला तर निदान जाब कोणाला विचारायचा, हे ठाऊक असतं. बारनिशीत आवक क्रमांक असतो, टिपणीवर सह्या असतात, लिपिकाची बदली झाली की चार्ज यादी होते. तीच माहिती संगणकावर गेली की सगळी शिस्त हवेत विरते. "ती फाइल ना, मॅडमच्या लॅपटॉपवर असेल," एवढ्यावर भागतं. मॅडम निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली असतात.

ई-दस्तऐवज नीट ठेवायला फार महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या हेडक्लार्कला अभिलेख सांभाळण्याची जी रीत येते, तीच फाइलला लावायची. नव्याने शिकायच्या गोष्टी दोनच. एक म्हणजे आपली हवा आणि आपला पाऊस. दुसरी म्हणजे फाइल चोरीला गेली तरी ती जागच्या जागी दिसतच राहते, त्यामुळे चोरी झाल्याचं महिनोन् महिने कळतही नाही.

दापोलीचं कृषी विद्यापीठ किंवा लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ यांच्यासारख्या मोठ्या संस्थांकडे संगणकाचं काम पाहणारी माणसं असतात. हा लेख प्रामुख्याने अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या त्या कार्यालयांसाठी आहे, जिथे लॅब असिस्टंट हाच नेटवर्क इंजिनीअर असतो आणि प्रिंटरमधला अडकलेला कागदही तोच काढतो.

पायरी १: आधी मोजदाद

काय काय आहे आणि कुठे आहे, हे कळल्याशिवाय पुढचं काही करू नका. एक साधी तक्ता-फाइल घ्या. स्तंभ एवढेच: दस्तऐवजाचा प्रकार, सध्या कुठे आहे, कोणाच्या ताब्यात, कोणत्या वर्षापासूनचे, व्यक्तिगत माहिती आहे का, दुसरी प्रत आहे का.

मग विभागवार फिरा. फिरायचंच. परिपत्रक काढून माहिती मागवली तर "निरंक" येईल. परीक्षा विभागाचा डेस्कटॉप, प्राचार्यांच्या केबिनमधला संगणक, विभागप्रमुखांचं खासगी जीमेल, नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) वेळी केलेला व्हॉट्सॲप ग्रुप, ड्रॉवरमधले पेनड्राइव्ह, शिष्यवृत्तीचं काम पाहणाऱ्या लिपिकाचा मोबाइल. आणि हो, गेटबाहेरचं झेरॉक्स सेंटर. विद्यार्थी तिथून फॉर्म भरतात, प्रिंट काढतात आणि त्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये वर्षानुवर्षांची आधार कार्डं आणि जातीचे दाखले साठत राहतात. दुकान तुमचं नाही. पण ग्रंथालयात प्रिंटची सोय केलीत तर ती गर्दी तरी आत येईल.

या कामाला दिवाळीची सुट्टी चांगली. एप्रिल-मेमध्ये परीक्षा, जून-जुलैत प्रवेश. तेव्हा कोणी तुमच्याशी बोलणारही नाही.

पायरी २: वर्गवारी, पण दोन अंगांनी

शासकीय कार्यालयांतली अभिलेखांची वर्गवारी सगळ्यांना माहीत आहे: अ वर्ग कायम, ब वर्ग ३० वर्षं, क वर्ग १० वर्षं, क-१ वर्ग ५ वर्षं, ड वर्ग १ वर्ष. आपल्या विद्यापीठाचं स्वतःचं जतन-कालाचं वेळापत्रक असेल तर ते प्रमाण माना. पदवी नोंदवही, निकालपत्रकं, विद्यार्थ्यांचं जनरल रजिस्टर हे कायमचे अभिलेख. कार्यक्रमाच्या निमंत्रणाची मसुदा-प्रत वर्षभरसुद्धा कशाला ठेवायची? महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ सालचा, माहिती अधिकार कायदाही त्याच वर्षीचा. माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये सार्वजनिक प्राधिकरणाने अभिलेख सूचीबद्ध आणि क्रमवार ठेवावेत, असं स्वच्छ म्हटलं आहे. म्हणजे ही हौस नाही, कर्तव्य आहे.

दुसरं अंग गोपनीयतेचं: उघड, अंतर्गत, गोपनीय, अतिगोपनीय. ही दोन अंगं एकात मिसळली की घोटाळा होतो. प्रश्नपत्रिकाच बघा. परीक्षेच्या सकाळी ती अतिगोपनीय असते. पेपर सुटला की ग्रंथालयात जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात उघडपणे जाते. गुणपत्रकाचं उलट. निकाल लागला तरी कोणाला किती गुण, हे पन्नास वर्षांनीही चव्हाट्यावर मांडायचं नसतं आणि ते कायम जपायचंही असतं. म्हणून नोंदीत दोन्ही शिक्के हवेत: किती वर्षं, आणि कोणाला दिसेल.

पायरी ३: एक घर

प्रत्येक दस्तऐवजाची प्रमाण प्रत एकाच ठिकाणी. बाकी साऱ्या कामचलाऊ प्रती.

हे घर संस्थेच्या मालकीचं हवं. संस्थेच्या डोमेनवर गूगल किंवा मायक्रोसॉफ्टची शैक्षणिक सेवा असेल तर तिथेच करा. गूगलवर 'माय ड्राइव्ह' आणि 'शेअर्ड ड्राइव्ह' यांतला फरक नीट समजून घ्या, कारण निम्मी दुखणी तिथली आहेत. माय ड्राइव्हमधली फाइल त्या माणसाच्या खात्याची. खातं बंद केलं आणि मालकी आधी हलवली नसेल तर फाइल गेली. शेअर्ड ड्राइव्हमधली फाइल संस्थेची. माणूस गेला तरी ती राहते. जागा अमर्याद आहे, हा समजही जुना झाला. गूगलने २०२१ मध्ये धोरण बदललं आणि शैक्षणिक संस्थेला मिळून १०० टीबीची मर्यादा घातली. आपल्याला ती पुरते, फक्त स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ त्यात कोंबू नका.

फोल्डर माणसाच्या नावाने नको, कामाच्या नावाने हवेत: परीक्षा, आस्थापना, लेखा, प्रवेश, शिष्यवृत्ती. आत शैक्षणिक वर्ष. आणि चालू वर्षाच्या आत सहा गठ्ठा पद्धत जशीच्या तशी आणा: प्रलंबित प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवायचे, नष्ट करायचे. ही नावं पाहिली की ज्येष्ठ लिपिकांना 'नवी सिस्टीम' शिकवावी लागत नाही. उलट तेच दुसऱ्यांना शिकवतात.

फाइलच्या नावात तारीख आधी, वर्षापासून सुरू करून: '२०२५-०७-१५_परीक्षा_परिपत्रक_०२'. असं केलं की यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'एकदम अंतिम' हे प्रकार बंद. आकडे देवनागरी की इंग्रजी, हे एकदाच ठरवून भिंतीवर लावा. दोन्ही मिसळले तर यादीत ते वेगवेगळे गट होतात आणि एका आकड्याने शोधलेलं दुसऱ्यात सापडत नाही. मराठी नावं खुशाल द्या, पण आटोपशीर. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक साठवण यंत्रांत फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही धरून, ३ बाइट खातं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. 'मा. प्राचार्यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या...' असं नाव सुरू केलंत की वाटेत अडकणार.

पायरी ४: फाँटचं भूत

हा भाग बाहेरच्या मार्गदर्शकांत नसतो, म्हणून जरा थांबतो.

वीस वर्षांपूर्वीची आपली परिपत्रकं, ठराव, सेवाविषयक आदेश कृतिदेव, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये टाइप झालेले आहेत. या फाँटमध्ये 'विद्यार्थी' दिसतं, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी असते. फाँट तिच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. नव्या संगणकावर तो फाँट नसला की मुखवटा गळतो आणि पानभर कचरा दिसतो. फाँट असला तरी शोध चालत नाही, कारण तुम्ही युनिकोडमधला, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतातला, 'विद्यार्थी' शोधता आणि फाइलमध्ये तो शब्दच नाही. दस्तऐवज हाताशी असूनही हरवल्यासारखाच.

करायचं असं. मूळ फाइल तशीच, हात न लावता, 'मूळ' फोल्डरमध्ये ठेवा. तो फाँट असलेला संगणक अजून जिवंत असेल तर तिथूनच फाँट अंतर्भूत करून पीडीएफ-ए करा. दीर्घकाळ जतनासाठीचा हा पीडीएफचा प्रकार आहे, २००५ पासून त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. मग परिवर्तकाने युनिकोड प्रत काढा. परिवर्तक रफार, अर्धा र आणि ऱ्हस्व वेलांटी यांत हमखास गडबडतात. सुर्वे, कर्वे, कुऱ्हाडे, गोऱ्हे ही आडनावं आधी तपासा; ती बरोबर आली तर बाकीचं बहुधा बरोबर असतं. नावांच्या याद्या मात्र एकाने वाचायच्या, दुसऱ्याने मूळ पाहायचं. इथे सुटका नाही. प्रमाण प्रत पीडीएफ-ए. युनिकोड प्रत शोधण्यासाठी.

पायरी ५: कागदाचं स्कॅनिंग

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात रजिस्टरची पानं दमट होऊन एकमेकांना चिकटतात, फीडरमधून एका वेळी दोन जातात आणि १४३ नंतर थेट १४६ येतं. कोणाच्या लक्षात येत नाही. मग बरोबर तेच पान दहा वर्षांनी हवं असतं. म्हणून स्कॅन झाल्यावर पानांची मोजणी, आणि पहिल्या पानावर 'एकूण पृष्ठे इतकी' अशी सही.

३०० डीपीआय पुरे. शिक्का आणि निळी शाई असेल तिथे रंगीत, नाहीतर ग्रेस्केल. जुनी शिवण असलेली रजिस्टरं फीडरमध्ये घालू नका. वरून फोटो घेणारा स्कॅनर वापरा. मराठीचं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून शोधता येणारा मजकूर करण्याची सोय, टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरमध्ये फुकट मिळतं आणि छापील मजकुरावर बऱ्यापैकी चालतं. हस्ताक्षरावर विश्वास ठेवू नका. आणि स्कॅन झालं म्हणून अ वर्गाचं मूळ रजिस्टर रद्दीत टाकायचं नसतं, हे एकदा लेखी सांगून ठेवलेलं बरं.

पायरी ६: कोणाला काय दिसेल

नियम एवढाच: कामाला लागतं तेवढंच, काम आहे तोवरच. परवानग्या व्यक्तीला देऊ नका, गटाला द्या: 'परीक्षा विभाग', 'शिष्यवृत्ती कक्ष'. बदली झाली की माणूस गटातून काढायचा, बस्स.

'लिंक असलेला कोणीही पाहू शकतो' हा पर्याय प्रशासकाच्या पातळीवर बंद करा. शिष्यवृत्तीची यादी अशा लिंकने वर्गाच्या ग्रुपवर गेली की त्यातले बँक खाते क्रमांक गावभर झाले समजा. दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खूण, जसा मोबाइलवरचा कोड) प्राचार्यांपासून सर्वांना सक्तीची. सूट मागणारे बहुधा तिथूनच सुरू होतात. विभागाचा सामायिक पासवर्ड आणि कीबोर्डखालची चिठ्ठी, दोन्ही रद्द.

तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक दरवर्षी येतात-जातात. त्यांची खाती उघडताना जेवढी घाई असते, तेवढी बंद करताना नसते. उपाय अगदी कारकुनी आहे: ना-देय प्रमाणपत्राच्या नमुन्यात ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना यांच्याखाली एक ओळ वाढवा, 'ई-दस्तऐवज व खाते हस्तांतरित केले'. ती सही झाल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. चार्ज यादीतही फोल्डरची नावं आली पाहिजेत.

आधारची प्रत घ्यायचीच असेल तर शेवटचे ४ अंक दिसणारं मास्क्ड आधार घ्या. आणि नको असेल तर घेऊच नका. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या तेव्हापासून १८ महिन्यांनी लागू होतात. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आपल्या महाविद्यालयाचं वर्षाचं वेतनेतर अनुदान डोळ्यांसमोर आणा.

पायरी ७: सही आणि मेल जसेच्या तसे

डिजिटल सही केलेली पीडीएफ प्रिंट काढून पुन्हा स्कॅन केली की सही मेली. उरतं ते सहीचं चित्र. पोर्टलला २ एमबीची मर्यादा आहे म्हणून 'पीडीएफ लहान करा' छाप संकेतस्थळावर टाकली तरी तेच होतं, शिवाय दस्तऐवज परक्या सर्व्हरवर जातो तो वेगळाच. सही असलेली फाइल मूळ स्वरूपात ठेवा. लहान प्रत हवी तर वेगळी काढा आणि नावात 'प्रत' लिहा.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चं कलम ७ हेच सांगतं: विद्युत अभिलेख पुढे पाहता येईल असा, मूळ किंवा अचूक स्वरूपात हवा आणि तो कुठून आला, कुठे गेला, केव्हा, हेही कळायला हवं. महत्त्वाच्या मेलची नुसती छापील प्रत फाइलला लावली तर हा तपशील पूर्ण राहत नाही. मेल मूळ रूपात उतरवून प्रकरणाच्या फोल्डरमध्ये ठेवा.

पायरी ८: प्रती, आणि त्या कुठे ठेवायच्या

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक गावाबाहेर. हा नियम जगभर सांगतात. कोकणात 'गावाबाहेर' या शब्दाला वजन आहे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं सगळं एकाच वेळी गेलं. तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ चा पूरही सोसला होता आणि २०२१ चाही. एक प्रत कार्यालयात आणि दुसरी त्याच बाजारपेठेतल्या शाखेत असेल तर पुराच्या हिशेबात ती एकच प्रत. मग सर्व्हर सर्वांत वरच्या मजल्यावर न्यावा? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत पत्रे नि कौलं उडाली. म्हणून जागा मधल्या मजल्यावर, स्लॅबखाली, पश्चिमेची खिडकी नसलेल्या खोलीत. आणि एक प्रत घाट चढून वर, कोल्हापूर किंवा पुण्यातल्या एखाद्या सहयोगी संस्थेत, नाहीतर क्लाउडवर.

क्लाउडला भुलण्याआधी हिशेब करा. ५०० जीबी डेटा २० एमबीपीएस अपलोडने चढवायला, लाइन एकदाही न तुटता, साधारण ५५ तास लागतात. पावसाळ्यात लाइन तुटत नाही, असं म्हणणारा मला भेटलेला नाही. पहिली भरणी डिसेंबरात करा. नंतर रोजचा बदल तेवढा जातो.

ड्राइव्हमध्ये फाइल सिंक होते म्हणजे बॅकअप झाला, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. इथे चुकून पुसलं की तिथेही पुसलं जातं. गूगलच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते, त्यानंतर प्रशासकाला आणखी २५ दिवस ती परत आणता येते, मग संपलं. वार्षिक तपासणीत कळलं तर उशीर झालेला असतो.

म्हणून दोन बाह्य हार्ड डिस्क घ्या, आलटून पालटून. दर शुक्रवारी एक जोडायची, प्रत घ्यायची, काढून ठेवायची. पुढच्या शुक्रवारी दुसरी. दोन्ही एकाच वेळी कधीही जोडायच्या नाहीत, कारण खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या सगळ्या डिस्क कुलूपबंद करतो. दोन्ही एन्क्रिप्ट केलेल्या हव्यात. पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर छापून मोहोरबंद पाकिटात तिजोरीत, आणि तिची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत. डिस्क ठेवायची हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आणि जेलचा रंग बदलला की पुड्या बदलायच्या. खाऱ्या हवेने जोडणीचे पिन हिरवट पडतात, जोडण्याआधी पाहा. सीडी-डीव्हीडीवर दमट कपाटात बुरशी चढते, तेव्हा ज्यांच्याकडे आहेत त्यांनी याच हिवाळ्यात त्या उतरवून घ्या. एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) वर्षानुवर्षं विजेविना पडून राहण्यासाठी नाहीच.

विजेचंही बघा. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात कडकडाट होतो तेव्हा लोक प्लग काढतात, पण लॅनची केबल तशीच ठेवतात. वीज तिथूनही येते.

आणि दर तिमाहीला परतावा-चाचणी. नोंदवहीतून डोळे मिटून पाच फाइली निवडा, बॅकअपमधून दुसऱ्याच संगणकावर उतरवा, उघडा. अ वर्गाच्या फाइलींचा शा-२५६ हॅश नोंदवून ठेवा. हा ६४ चिन्हांचा ठसा असतो, फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी तो पूर्ण बदलतो, आणि विंडोजच्या 'सर्टयुटिल' आज्ञेने फुकट काढता येतो. जुळला तर तारीख टाकून सही. पावसाळ्याआधीची, मे महिन्याची चाचणी चुकवू नका.

पायरी ९: काही बिघडलं तर

सकाळी फाइली उघडत नाहीत, पडद्यावर पैशाची मागणी आहे. नेटवर्कची तार काढा, वायफाय बंद करा, पण संगणक फॉरमॅट करू नका. पुरावा तिथेच आहे. बॅकअप डिस्क घाईने जोडू नका. पडद्याचा फोटो घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना कळल्यापासून ६ तासांत त्या संस्थेला कळवायची असते, आणि यंत्रणांचे लॉग (आपोआप होणाऱ्या कामकाजाच्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन. हे सगळे क्रमांक आणि पायऱ्या एका कागदावर छापून भिंतीला लावा. संगणक बंद असताना संगणकातली सूचना कोण वाचणार?

पायरी १०: नष्ट करणं

काहीच न पुसणं म्हणजे जपणं नव्हे. मुदत संपलेल्या शिष्यवृत्ती अर्जांतले दाखले आणि पासबुकं दहा वर्षं पडून राहिली तर ती फक्त चोराच्या कामाची.

वर्षातून एकदा, ३१ मार्चनंतर, मुदत संपलेल्यांची यादी काढा. ज्यावर माहिती अधिकाराचं अपील, न्यायालयीन प्रकरण किंवा लेखापरीक्षणाचा आक्षेप चालू आहे ते वेगळं करा. उरलेल्यांवर टिपणी, सक्षम अधिकाऱ्याची मान्यता, मग नाश; यादी मात्र कायम ठेवायची. बॅकअप डिस्कवरच्या प्रतीही त्याच यादीतून काढायच्या.

जुन्या संगणकांच्या निर्लेखनात, म्हणजे ते जडसंग्रह नोंदीतून कमी करताना, डिस्क आधी बाहेर काढा. लिलावात भंगारवाला वजनावर भाव देतो, आणि त्या वजनात परीक्षा विभागाची डिस्कही असते. साधी हार्ड डिस्क असेल तर पुनर्लेखन करणाऱ्या सॉफ्टवेअरने पुसा. चालत नसेल तर ड्रिलने आरपार भोकं पाडा. एसएसडीला कंपनीच्याच साधनातला सुरक्षित पुसण्याचा पर्याय वापरा, किंवा आतल्या चिप्स फोडा. मग डिस्कचा अनुक्रमांक निर्लेखन नोंदवहीत, समोर दोघांच्या सह्या, आणि उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण करणाऱ्याकडे, पावती घेऊन.